काटा कोण तपासणार? हॅकरस्पेस आणि आपले डिजिटल हक्क

(विष्णुपुरी इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



आजच्या विषयातला एक शब्द आपल्याकडं गुन्ह्यांच्या बातम्यांमधून आला. हॅकर. कुणाच्या खात्यातून पैसे गेले, हॅकरनं नेले. कुण्या पुढाऱ्याचं फेसबुक बंद पडलं, हॅकरनं पाडलं. त्यामुळं 'हॅकरस्पेस' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा चोरांचा अड्डा असणार. म्हणून त्या शब्दाकडं मी थोडं नंतर येतो. सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. तो शब्द आहे काटा.

आपल्या भागात ऊस तोडून कारखान्याला निघाला की शेतकरी काय करतो? जमलं तर गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालतो, पावती घेतो, मग कारखान्याच्या काट्यावर नेतो. त्याला दोन्ही आकडे पाहायचे असतात. 'काटा मारणे' म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि या शंकेला कायद्यानंही मान दिलेला आहे. २००९ चा वैधमापन कायदा आहे, त्याच्या आधीही वजनमापांचे कायदे होते. त्यांचं सार एवढंच, की ज्याचा काटा आहे त्यानंच तो बरोबर असल्याचा दाखला द्यायचा नाही. निरीक्षकानं तपासायचा, शिक्का मारायचा, मुदत संपली की पुन्हा तपासायचा. 'काटा तपासा' म्हणणाऱ्या शेतकऱ्यावर कुणी गुन्हा दाखल करत नाही.

आता काटे बदललेत बघा. डेअरीवर दुधाचं फॅट आणि एसएनएफ सांगणारं यंत्र हा काटा आहे. साडेतीन आणि साडेआठ, या दोन आकड्यांवर घरातला महिन्याचा खर्च ठरतो. रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र हाही काटाच आहे, ते माणूस मोजतं. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली, तोही काटा. मतदान यंत्र तर आहेच. जुन्या काट्याबरोबर जो शहाणपणा आला होता, तो या नव्या काट्यांबरोबर आला नाही. इथं यंत्र म्हणेल ते प्रमाण, आणि यंत्रावर शंका घेणारा एक तर अडाणी किंवा संशयित.

डिजिटल हक्क म्हटलं की लोकांना वाटतं, हा पुण्या-मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्यांचा विषय आहे. माझं म्हणणं असं, की डिजिटल हक्क म्हणजे काटा तपासून घ्यायचा जुनाच हक्क, नव्या काट्यांना लावलेला. हॅकरस्पेस म्हणजे हा हक्क वापरायला लागणारी माणसं आणि अवजारं जिथं एकत्र बसतात, ती खोली. आणि माझी टीका अशी, की महाराष्ट्रात या गोष्टीची दोन अर्धी तयार झाली आणि ती एकमेकांना भेटलीच नाहीत. अवजारं जिथं आहेत तिथं हक्काचा प्रश्न कुणी विचारत नाही. प्रश्न जिथं विचारला जातो तिथं अवजारं नसतात. आता ते सविस्तर सांगतो.

हे दोन्ही एकत्र असलं तर काय होतं, त्याचं जगातलं सगळ्यात जुनं उदाहरण जर्मनीचं आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, काही मंडळी एका टेबलाभोवती जमली. त्यातून केऑस कम्प्युटर क्लब उभा राहिला. गंमत बघा, इथं विष्णुपुरीत गुरु गोबिंदसिंहजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेही १९८१ सालीच. एकाच वयाच्या दोन संस्था. शेकडो अभियंते आपणही घडवले, ते काम मोठंच आहे. पण त्या क्लबनं एक वेगळी गोष्ट केली. तंत्रज्ञान समजणाऱ्या माणसांचं सार्वजनिक जबाबदारीशी नातं जोडलं.

कसं, ते ऐका. जर्मन टपाल खात्यानं टेलिफोनवरून चालणारी एक माहितीसेवा आणली होती. ती सुरक्षित आहे असं खातं सांगत होतं. नोव्हेंबर १९८४ मध्ये क्लबच्या लोकांनी हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेच्या नावानं स्वतःचंच एक सशुल्क पान रात्रभर पुन्हा पुन्हा उघडलं. एका वेळेला दहा मार्कांच्या आत. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचं बिल झालं. ते पैसे त्यांनी घेतले नाहीत. पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही सुरक्षित म्हणता ते असं आहे.

चोर आणि तपासनीस यांतला फरक इथं दिसतो. कुलूप दोघांनाही उघडता येतं. चोर उघडून गप्प बसतो, तपासनीस सगळ्यांना बोलावून दाखवतो. या क्लबनं एक सूत्र धरलं, की सार्वजनिक माहिती सगळ्यांना वापरू द्या आणि खाजगी माहिती जपा. आपल्याकडं लावून बघा. जलाशयात पाणी किती, विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे किती उघडले, खाली किती विसर्ग चाललाय, ही सार्वजनिक माहिती. नदीकाठच्या वस्तीला ती वेळेवर, सरळ शब्दांत मिळाली पाहिजे. माझ्या अंगठ्याचा ठसा, माझा आजार, माझा फोन नंबर, ही खाजगी. प्रत्यक्षात आपला अनुभव नेमका उलटा असतो. सार्वजनिक माहितीसाठी अर्ज करावा लागतो आणि खाजगी माहिती ज्याच्या त्याच्या हातात असते.

आता महाराष्ट्रात या. 'आपल्याकडं असं काही झालंच नाही' असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली पोरं, अवर्षणाचा मुलूख, आणि शिकवायची पद्धत अशी की हातानं काम करत करत विज्ञान शिकायचं. वेल्डिंग, शेती, वीज, अन्नप्रक्रिया. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्यानं तिथं फॅब लॅब आली. एमआयटीच्या बाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. ती कुठल्या महानगरात न येता पाबळला आली, हे लक्षात ठेवा.

पाबळच्या लोकांना त्या लॅबमधून काय हवं होतं? दुधाची प्रत मोजायची होती. डिझेल इंजिनाचं टायमिंग नीट लावायचं होतं. म्हणजे मोजायची साधनं हवी होती. कलबागांनी हे ओळखलं, की खेड्यातल्या माणसाला यंत्राइतकीच मोजमापाची गरज आहे आणि मोजमाप दुसऱ्याच्या हातात असल्यामुळं तो नाडला जातो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुधाच्या यंत्राबद्दलची शेतकऱ्यांची तक्रार आज राज्यभर आहे. पण त्या तक्रारीचं उत्तर काय असू शकतं याचा विचार पाबळला तेव्हाच सुरू झाला होता.

पाबळचा हा वारसा आपण कसा चालवला? माझ्या मते अर्धवट. त्यातलं हस्तकौशल्य घेतलं, मोजमापाच्या मालकीचा प्रश्न तिथंच ठेवला. २०१६ नंतर शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेला २० लाखांपर्यंतचं अनुदान. चांगली गोष्ट आहे, पोरांच्या हातात सेन्सर आले, थ्रीडी प्रिंटर आले. पण तिथली पोरं करतात काय? झाडाला आपोआप पाणी घालणारा रोबो. प्रदर्शनात ठेवायचा, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. गावातल्या डेअरीच्या यंत्राची फेरमोजणी करून पाहा, असा प्रकल्प दिलेला मी अजून पाहिलेला नाही. पोरांना ते जमणार नाही असं नाही. डेअरी कुणाची असते, हे सगळ्यांना माहीत असतं.

त्याआधीचा टप्पाही पाहा. २००१ साली एमकेसीएल आलं आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारी नोकरीला तो लागायचा. लाखो मराठी मुलामुलींनी पहिला माऊस त्या वर्गात धरला, हे श्रेय नाकारायचं कारण नाही. पण त्या वर्गानं संगणकाशी आपलं नातं कोणतं जोडलं? वापरणाऱ्याचं. वर्डमध्ये अर्ज लिहायचा, एक्सेलमध्ये बेरीज करायची. केरळनं त्याच काळात शाळांतलं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि शिक्षकांनाच यंत्रणा बसवायला, दुरुस्त करायला शिकवलं. आपल्याकडं सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात लिनक्सचा गट झाला, पुण्यात झाला, सिंबायोसिसमध्ये ग्नूनिफायची संमेलनं भरली. हौशी मंडळींनी जीव ओतून कामं केली. पण ते महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत राहिलं. रेशनच्या रांगेपर्यंत आलं नाही.

झाली एक बाजू. आता हक्कांची बाजू पाहू.

भारतातल्या डिजिटल हक्कांच्या इतिहासात महाराष्ट्राची गावं आहेत, हे आपण विसरतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाईक केलं होतं. त्या प्रकरणानं हादरून श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम रद्द झालं. त्याच वर्षी इंटरनेट सर्वांना समान हवं म्हणून दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडं गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम झाला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

हे विजय लहान नाहीत. पण ते पोचले कुठपर्यंत? २०२० साली अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट बंद करायचं तर आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, कारण दिलं पाहिजे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी आपल्या मराठवाड्यात, बीड आणि जालना भागात, इंटरनेट बंद झालं. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी विचारलं, आदेश कुठं आहे, दाखवा? व्यापाऱ्याचं क्यूआर कोड बंद, मुलांचे ऑनलाईन अर्ज अडकलेले. लोक 'नेट गेलंय' म्हणाले. वीज जाते तसं. हक्क मिळाला होता, पण तो मागायची सवय असलेला गट जिल्ह्यात नव्हता. दिल्लीतल्या वकिलानं जिंकलेला हक्क जिल्ह्याच्या गावी वापरायला तिथली माणसं लागतात.

दोन अर्धी वेगळी राहिली की काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे अंगठा.

आपल्या भाषेत 'अंगठेबहाद्दर' ही शिवी आहे. शाळा काढल्या, साक्षरता अभियानं झाली, ती लोकांचा अंगठा सुटावा म्हणून. आणि २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून शिकलेला, न शिकलेला, सगळे पुन्हा अंगठ्यावर आलो. आता अंगठा लावताना एक अडचण आहे. ज्याचे हात मातीत, उसात, विटांत जातात, त्याच्या बोटावरच्या रेषा झिजतात. म्हणजे ज्याला रेशनची गरज जास्त, त्याचाच अंगठा लागण्याची शक्यता कमी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात खुद्द आधार प्राधिकरणानं सांगितलं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. शंभरातल्या बारा वेळांचं काय? शंभर वजनांपैकी बारा चुकवणाऱ्या काट्याला निरीक्षकानं शिक्का दिला असता का?

आणि कायदा काय म्हणत होता? २०१६ च्या आधार कायद्याचं ४७ वं कलम होतं, की या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेईल ती फक्त प्राधिकरणानं तक्रार केली तरच. म्हणजे माझा ठसा चोरीला गेला तर तक्रार मी करायची नाही. काट्याच्या मालकानं करायची! २०१८ च्या निकालात न्यायालयानं हे बदलायला लावलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं काही गुन्ह्यांपुरती नागरिकाला वाट मिळाली. त्याच २०१८ च्या जानेवारीत 'ट्रिब्यून' वर्तमानपत्राच्या बातमीदार रचना खैरा यांनी पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते हे छापलं, तर प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीत त्यांचंच नाव आलं.

जर्मनीत २००८ साली सरकार पासपोर्टवर ठसे घेत होतं. तेव्हा केऑस क्लबनं गृहमंत्र्यांनी वापरलेल्या एका पेल्यावरून त्यांचा ठसा मिळवला आणि स्वतःच्या मासिकात छापला. सोबत लावून बघता येईल अशी पातळ फिल्म. म्हणणं एकच, की ठसा हा पासवर्ड होऊ शकत नाही, कारण तो आपण जाईल तिथं सोडून येतो आणि बदलता येत नाही. आपल्याकडं हाच धडा गुन्हेगारांनी शिकवला. २०१८ साली शेजारच्या तेलंगणात एकानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलले, रबरी शिक्के बनवायच्या साधनांनी अंगठे तयार केले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. तिकडं तपासनिसानं आधी दाखवलं. इथं तपासनीस नव्हता म्हणून चोरानं दाखवलं. दोन समाजांतला फरक मला इथं दिसतो.

मतदान यंत्राचंही थोडं बोलतो, आणि सांभाळून बोलतो, कारण या विषयावर बोललं की लगेच 'तुम्ही कोणत्या पक्षाचे' असं विचारतात. २०१० साली हैदराबादचे हरि प्रसाद आणि त्यांच्या अमेरिकन आणि डच सहकाऱ्यांनी एका भारतीय यंत्राचा अभ्यास छापला. यंत्र हातात मिळालं तर त्यात फेरफार करता येतो, असं त्यांचं म्हणणं. आयोगाचं म्हणणं, आमच्या बंदोबस्तात ते शक्य नाही. वाद तंत्राचा होता. पण ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी हरि प्रसादांना अटक केली, यंत्र मुंबईच्या गोदामातून चोरल्याच्या गुन्ह्यात. पुढं जामीन झाला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं कागदी पावती, म्हणजे व्हीव्हीपॅट, आवश्यक ठरवलं. आणि २६ एप्रिल २०२४ ला, ज्या दिवशी आपण नांदेडला रांगेत उभे होतो त्याच दिवशी, न्यायालयानं यंत्रांवर विश्वास दाखवत सगळ्या पावत्या मोजायची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून दर विधानसभा क्षेत्रातली पाच टक्के यंत्रं तपासून घेता येतील, असं सांगितलं.

यंत्रात घोटाळा झाला असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडं नाही. मी एवढंच बघतो, की तपासणार कोण? निकालाप्रमाणं, यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते. आणि मागणार कोण? उमेदवार. मतदार नाही. जर्मन घटना न्यायालयानं ३ मार्च २००९ ला वेगळी कसोटी लावली होती. निवडणुकीच्या मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय पडताळता आल्या पाहिजेत. त्या निकालाआधी डच आणि जर्मन हॅकर मंडळींनी २००६ मध्ये नेडॅप कंपनीच्या मतदान यंत्रावर चक्क बुद्धिबळाचा खेळ चालवून दाखवला होता. हे यंत्र फक्त मतं मोजतं, म्हणता ना? बघा, खेळतं पण. त्यांच्यावर विश्वास ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी यंत्र सगळ्यांसमोर उघडून दाखवलं.

एवढं बोलल्यावर कुणाला वाटेल, हा माणूस हॅकरस्पेसचा भक्त दिसतो. तर त्यांच्यावरची टीकाही ऐका. २००७ साली काही अमेरिकन मंडळी जर्मनीतलं शिबिर पाहून परत गेली आणि न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्कोत अशा जागा निघाल्या. भाड्याची खोली, सभासद वर्गणी, सोल्डरिंग आयर्न, आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्यांना खुली. पण लवकरच त्यातून 'मेकर' नावाचा सभ्य अवतार निघाला, कंपन्यांना आवडेल असा. २०१२ मध्ये त्यांच्या शालेय कार्यक्रमाला अमेरिकन लष्कराच्या दार्पा या संस्थेचे पैसे आले, तेव्हा मिच ऑल्टमन यांच्यासारखे जुने लोक बाजूला झाले. टेकशॉप नावाची मोठी साखळी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. अवजारांचं भाडं घेऊन समाज उभा राहत नाही, हे त्यातून दिसलं. शिवाय या खोल्यांत बायका कमी, कामगार कमी, इंग्रजी जास्त. आपण तशीच खोली विष्णुपुरीत उचलून आणली तर तीच गत होईल.

आणि आपल्याकडं अजून एक अडचण आहे, जातीची. यंत्र उघडणारा हात आणि पुस्तक वाचणारा हात आपण पिढ्यान्पिढ्या वेगळे ठेवले. नांदेडला वजिराबादकडं जा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात भिंगाखाली बोर्ड धरून बसलेला पोरगा बघा. नकाशा नाही, कंपनीचा सुटा भाग नाही, तरी तो बंद फोन चालू करतो. माझ्या दृष्टीनं जिल्ह्यातला पहिला हॅकर तो आहे. त्याला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोणी बोलावत नाही. आणि चार वर्षं शिकलेल्या इंजिनिअरनं एक फोन उघडलेला नसतो. जी खोली या दोघांना एका बाकावर बसवेल, तिला मी इथली हॅकरस्पेस म्हणेन. नाव काहीही ठेवा, कट्टा म्हणा.

त्या खोलीनं करायचं काय? अशी कामं सांगतो, ज्यांना कुणाची परवानगी लागत नाही. पहिलं, दुधाचं एकच भांडं तीन यंत्रांवर मोजून आकडे फळ्यावर लिहा. दुसरं, अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, वेगळी नोंद ठेवून द्यायचं, अशा केंद्राच्या सूचना आहेत. तालुक्यात अशा नोंदी किती झाल्या, हे माहिती अधिकारात मागा. शून्य आल्या तर त्याचा अर्थ काय, हे रेशनच्या रांगेत जाऊन विचारा. तिसरं, गावात बसून लोकांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते शिकवा. आणि माहिती अधिकार कायदा एकदा नीट वाचा. २ (ञ) कलमात कागद पाहण्याबरोबरच कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क दिलाय. रस्त्याच्या डांबराचा नमुना मागणारे कार्यकर्ते आपल्याकडं आहेत. यंत्राबद्दल तेवढ्याच धीटपणे विचारणारे हवेत.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, आम्ही एखाद्या सरकारी संकेतस्थळात चूक शोधली आणि कळवली, तर आमच्यावरच गुन्हा दाखल होणार नाही कशावरून?

उत्तर: रास्त भीती आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरलात तर भरपाईची जबाबदारी येते. अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलंत तर ६६ खाली तो गुन्हा होतो. चांगल्या हेतूनं तपासणाऱ्याला स्पष्ट संरक्षण या कायद्यात लिहिलेलं नाही. ते लिहिलं जावं ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. तोपर्यंत सांगतो ते पाळा. स्वतःच्या मालकीचं यंत्र उघडा. दुसऱ्याचं असेल तर लेखी परवानगी घ्या. चुकून काही दिसलं तर पुढं शिरू नका, कुणाची माहिती उतरवून घेऊ नका, सर्ट-इनला कळवा आणि कळवल्याची प्रत ठेवा. आणि एकटीनं करू नका. गट असण्याचा उपयोग इथंच आहे. एकट्या मुलीला घाबरवणं सोपं असतं. वीस जणांची सही असली, त्यात एक प्राध्यापक आणि एक वकील असला, की समोरचा आधी पत्र नीट वाचतो.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक): यंत्रं आली म्हणून चोरी कमी झाली, हे तुम्ही सांगितलं नाही. आमच्या गावात पूर्वी दुकानदार धान्य परस्पर विकायचा.

उत्तर: गुरुजी, तुमचं बरोबर आहे आणि ते सांगायलाच हवं होतं. अजून एक फायदा मीच जोडतो. आपल्याकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला आज दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही रेशन उचलता येतं, ते या यंत्रामुळंच. यंत्र काढून टाका असं मी म्हणतच नाही. पूर्वी बाजारात माल डोळ्यांनी अंदाज करून घ्यायचे, काटा आल्यावर शेतकऱ्याचा फायदाच झाला. तरी काटा आला म्हणून तपासणी बंद केली का आपण? काटा आला म्हणूनच निरीक्षक नेमावा लागला. तुमच्या गावात ज्यांचा अंगठा लागत नाही अशा म्हाताऱ्या माणसांची यादी तुम्ही आणि ही मुलं मिळून करा. दुकानातली नोंदवही आणि ती यादी शेजारी शेजारी ठेवा. जुळली तर ग्रामसभेत तसं सांगा, लोकांचा यंत्रावरचा विश्वास वाढेल. नाही जुळली, तर तहसीलदारांकडं जायला तुमच्या हातात कागद असेल.